ताठेकाकांच्या मागे

ताठेकाकांचं आडनाव ताठे नव्हतं. ते होते शिगवण. पण त्यांची मान ताठ होती. स्वाभिमानाने वगैरे नव्हे, खरोखरच ताठ. ना डावीकडे वळायची, ना उजवीकडे. मागून कोणी हाक मारली की ते सगळेच्या सगळे वळायचे, कपाट सरकवावं तसे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जुन्या लष्करी छावणीतल्या आमच्या चाळवजा बॅरेकीत कोणीतरी त्यांना ताठे म्हणायला लागलं आणि ते इतकं रुळलं की शिगवण नावाचं पत्र आलं तर पोस्टमनही 'हे कोण इथे?' म्हणून विचारायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे. "लहानपणी आंब्यावरून पडलो," ते सांगायचे, "आंबा हातात राहिला, मान गेली." आंबा कुठल्या झाडाचा होता आणि कसा साखरेसारखा निघाला, हेही मग ऐकावं लागायचं.

असा माणूस रोज सायकलने अंबरनाथ एमआयडीसीत वायरच्या कंपनीत जायचा. कॅम्प पाचमधून अंबरनाथ, तिथून पालेगावच्या बाजूने कंपनी. मान वळत नाही म्हणून त्यांनी हँडलच्या उजव्या बाजूला जुन्या स्कूटरचा गोल आरसा बसवला होता. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. त्या काळी आमच्याकडे लोक मोटरसायकलचेसुद्धा आरसे काढून घरात ठेवायचे, सायकलला आरसा म्हणजे तर फुकटची करमणूक. पोरं विचारायची, "काका, ॲव्हरेज काय देते?" नळावरून येणाऱ्या बायका जाता जाता त्यात टिकली सरळ करून घ्यायच्या, तरुण मुलं भांग पाडायची. काका कोणाला नाही म्हणायचे नाहीत. पण त्यामुळे रोज सकाळी त्यांना आरसा पुन्हा नीट लावावा लागे. सायकल स्टँडवर उभी, काका सीटवर चढलेले, समोर बघत एक हात आरशावर. माझी आई दारातून म्हणायची, "चला, ताठेकाका उभ्या उभ्याच कॅम्प पाचला पोहोचले."

बॅरेकीत त्यांच्यावरून एक ठरलेला विनोद होता. काका एकटे. बायको नाही, मूल नाही, गावाला एक बहीण आणि तिचा मुलगा, एवढंच. तेव्हा कोणी ना कोणी म्हणायचंच, "ज्याच्या मागेपुढे कोणी नाही, त्याला आरसा कशाला?" सगळे हसायचे. काकाही हसायचे आणि हसता हसता रुमाल काढून आरसा पुसायला लागायचे. मला तो विनोद तेव्हाही आवडत नव्हता, पण मीही हसत असे.

लग्न का केलं नाही, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बघायला गेलो होतो गो एकदा. मुलीला त्यांनी माझ्या बाजूला बसवली. आता मान कोण वळवणार? मी आपला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत पोहे खाल्ले. निरोप आला, मुलगा गर्विष्ठ आहे." मग म्हणाले, "तेव्हा आरसा असता, तर आज तुला काकी असती." हे सांगताना ते हसत होते आणि मीही पोट धरून हसले. घरी आल्यावर मात्र मला ते कॅलेंडर आणि ती न दिसलेली मुलगी आठवत राहिली.

बारावीनंतर मला एमआयडीसीतच औषधाच्या कंपनीत पॅकिंगला काम मिळालं. शेअर रिक्षाने जायचं तर दोनदा बदलायची, आणि सकाळी रिक्षा भरेपर्यंत पाळीची वेळ टळायची. मला सायकलने जायचं होतं. आई ऐकेना. वडील शिफ्टला असत, घरातले निकाल आईच लावायची, आणि तिने निकाल दिला होता: सायकल नाही, मग नोकरी गेली तरी चालेल. "मागून ट्रक आला तर कोण बघणार आहे?" हे तिचं एकच पालुपद. काका दारात पायताण घालत होते. ते सगळेच्या सगळे आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या मागे राहू दे तिला. मला दिसत राहील."

आईचा होकार त्या एका वाक्यावर मिळाला. माझी नोकरी त्या गोल आरशावर उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवसापासून काका पुढे आणि मी मागे. त्यांनी आरशाचा कोन बदलला. पूर्वी त्यात रस्ता दिसायचा, आता मधोमध मी आणि माझ्याभोवती उरलेला रस्ता. खुणा ठरल्या. डावा हात खाली दाबला की हळू. हात बाहेर झटकला की डोळे मिटून कडेला. "विचार करायचा नाय, आधी कडेला, मग भांडायचं," असा नियम होता. आणि सगळ्यात मोठा नियम, मागे वळून बघायचं नाही. "बाय, मान वळली की हँडल वळतं. माझं बघ, देवाने सोयच करून ठेवलीय."

एकदा कॅम्प पाचच्या उतारावर त्यांचा हात झटकला गेला. मी कडेला झाले, पार गटारापर्यंत. त्याच क्षणी जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो माझ्या खांद्याजवळून गेला. बाहेर लोंबणारा गठ्ठा मी मघाशी होते तिथून सपकन पुढे गेला. मी सायकल तिथेच टाकून उभी राहिले. काका उतरून आले, माझी सायकल सरळ केली आणि म्हणाले, "घरी सांगू नको. चहा पी." मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या चहाच्या टपरीवरच त्यांनी मला आरशाचं खरं गणित शिकवलं. समोर एक टेम्पो उभा होता. त्यांनी मला त्याच्या मागे उभं केलं, मग थोडं बाजूला सरकवलं. "त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतो?" मी म्हटलं, दिसतो. "मग तू पण त्याला दिसतेस. आरसा दोघांचा असतो, बाय. तुला तो दिसला नाय, तर त्याच्यासाठी तू रस्त्यावर नायस." पुढे कितीतरी वर्षं मी रस्त्यावर आधी आरशातले चेहरे शोधत आले आहे.

त्यानंतर बॅरेकीतला तो जुना विनोद कोणीतरी पुन्हा केला. मी अंगणात घसरलेली चेन बसवत होते, हात काळे. काकांनी मान न वळवता अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. "कोण म्हणतो मागे कोणी नाय? ती बघ, चेन बसवतेय." ते थट्टेतच बोलले होते, पण त्या दिवशी त्यांनी रुमाल काढला नाही.

मग काकांनी एक विचित्र हट्ट धरला. माझ्याकडे पिवळी ओढणी होती, हळदीसारखी भडक, मला मुळीच न आवडणारी. तीच रोज घे म्हणाले. मला वाटलं ट्रकवाल्यांना दिसावी म्हणून. कंपनीतल्या मुली चिडवायच्या, "हिचं रोजच हळदीकुंकू." मीही कंटाळले आणि एक दिवस राखी रंगाची ओढणी घेऊन निघाले. पालेगावच्या वळणाआधी काकांनी एकदम ब्रेक मारला. ट्रक-रिक्षांच्या मधोमध सायकल आडवी टाकून ते आख्खे मागे वळले आणि ओरडले, "बाय! कुठं गेलीस?"

मी त्यांच्या चाकाला चाक लावून उभी होते.

मी त्यांचा हात धरला. मागचे हॉर्न वाजत होते, रिक्षावाले शिव्या घालत होते आणि काका माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं, कितीतरी दिवस त्या आरशात त्यांना मी दिसतच नव्हते, फक्त पिवळा रंग दिसत होता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. काका म्हणाले, "मान तर गेलीच होती, आता नजर. आंबा मात्र एकच खाल्ला."

त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि सायकल सोडायला ते तयार नव्हते. सायकल सोडली की भाचा गावी नेणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तेव्हा मी ठरवलं, आता पुढे मी. मी त्यांना घेऊन कॅम्प तीनच्या बाजारात गेले, माझ्या सायकलला आरसा घ्यायला. दुकानदार सिंधी काका मिश्कील. "साईं, लेडीज सायकल को शीशा? मॅडम को मेकअप करना है क्या?" ताठेकाका म्हणाले, "नहीं, इसको मेरे पे नजर रखने का है." दुकानदाराने आमच्या दोघांकडे बघितलं आणि आरसा स्वतः बसवून दिला.

ते महिने मला सगळ्यात जास्त आठवतात. मी पुढे, अंगावर पिवळी ओढणी, आणि माझ्या आरशात काका. ताठ मान, ताठ पाठ, तोंडाने काहीतरी पुटपुटत माझ्या मागोमाग येणारे. आता हात मी झटकायचे आणि ते निमूट कडेला व्हायचे. कोणाला सांभाळत रस्त्याने जाण्यात एवढा आनंद असतो हे मला ठाऊक नव्हतं. रोज इतकी वर्षं ते याच आनंदात माझ्या पुढे चालले होते, हेही तेव्हाच कळलं.

निवृत्त झाल्यावर भाचा आला, स्वतःचा टेम्पो घेऊन. सामान फारसं नव्हतंच. सायकल काकांनी बॅरेकीतच ठेवली, आरसा मात्र पान्याने काढून पिशवीत टाकला. भाचा म्हणाला, "मामा, हा कशाला?" काका म्हणाले, "दाढीला." सगळी बॅरेक निरोप द्यायला उभी होती. काका पुढे डाव्या खिडकीशी, क्लीनरच्या जागेवर बसले, समोर बघत. मला एकाएकी भयंकर राग आला, त्यांच्या मानेचा. आता हा माणूस जाणार आणि वळून बघणारसुद्धा नाही.

टेम्पो सुरू झाला तेव्हा आठवलं. मी गर्दीतून बाहेर येऊन टेम्पोच्या मागे गेले आणि डावीकडे सरकत राहिले, सरकत राहिले, गटाराच्या कडेपर्यंत. तेव्हा त्या लांबट आरशात काकांचा चेहरा आला. ओढणी मी पिवळीच घेतली होती. मला ते दिसत होते, म्हणजे मीही त्यांना दिसत होते. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि त्यांनी तो खाली दाबला. हळू. टेम्पो वळेपर्यंत तो हात तसाच होता, आणि मी रडत होते.

आता मी बदलापूरला राहते, स्कूटर चालवते. सिग्नलला थांबले की उजव्या आरशात बघते. मागे हेल्मेट घातलेले लोक असतात, घाईत असलेले. त्यात एक ताठ मान दिसावी असं अजून वाटतं. काय करणार.

काका गेल्याचं भाच्याने फोनवर कळवलं. शेवटी नजर पूर्ण गेली होती, म्हणाला. तरी रोज ओटीवर रस्त्याकडे पाठ करून बसायचे, समोरच्या खांबाला तो आरसा बांधून घेतला होता. कोणी हात लावला तर चिडायचे. "माणूस चांगला हो," तो म्हणाला, "पण बघा ना ताई, मामांच्या मागे कोणीच नव्हतं."

"होतं," मी म्हणाले. "मी होते."