घड्याळजीचा केर

शनिवार, ३ फेब्रुवारी. केर काढून फरशी पुसणारे यंत्र घरी आले आणि त्याचे चौतीस हजार सातशे पन्नास मोजले. बायको म्हणाली, एवढ्या पैशांत मी स्वतः दोन वर्षं आनंदाने केर काढला असता. यंत्र मी दादासाठी घेतले होते.

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आता त्र्याहत्तराचा आहे. चव्वेचाळीस वर्षे त्याने घड्याळे दुरुस्त केली. दुकान जिन्याखाली होते. गिऱ्हाईक समोर उभे राहिले की उजेड अडायचा, आणि दादा मान वर न करता म्हणायचा, "सरका जरा, काटा दिसेना." माझे कॉमर्सचे शिक्षण त्या दुकानावर झाले आणि मी हिशेबनीस झालो. वहिनी गेल्यावर त्याने दुकान बंद केले, मूलबाळ नव्हते, तेव्हापासून म्हणजे सात वर्षे तो आमच्याकडे आहे. त्याच्या खोलीत खिडकीखाली कामाचे टेबल आहे आणि जुन्या गिऱ्हाइकांची तीन-चार घड्याळे तिथे कायम पडलेली असत. लोक त्याला घड्याळजी म्हणतात. खरे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

आपल्या खोलीचा केर तो कुणाला काढू द्यायचा नाही. रोज सकाळी आठला उकिडवा बसून, हातभर झाडूने, कोपऱ्यापासून दारापर्यंत. केर लगेच टाकायचा नाही. आधी पांढऱ्या कागदावर घ्यायचा, खिडकीशी न्यायचा, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने चिवडायचा आणि मग टाकायचा. शिकाऊ असताना मालकाने एका स्क्रूसाठी त्याला दोन दिवस केर चिवडत बसवले होते, त्याचे हे वळण. तो म्हणायचा, "पडलं ते गेलं असं नसतं. पडलं ते केरात असतं."

केर काढून उठताना तो टेबलाचा पाय धरायचा आणि टेबल डगमगायचे. मला ते बघवेना. त्यात त्याचे हृदय. दोन वर्षांपूर्वी ठोके अनियमित झाल्यामुळे डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली होती, सकाळी अर्धी, रात्री अर्धी. गोळी मुळातच शर्टाच्या बटणाहून लहान, अर्धी तर नखावर मावेल एवढी.

या यंत्राचा मोठा गुण म्हणजे ते स्वतःचा केरही स्वतःच रिकामा करते. खोल्या झाडून-पुसून झाल्या की ते भिंतीशी ठेवलेल्या आपल्या खोक्यात जाऊन बसते, खोके मोठ्याने घोंघावते आणि सगळा केर आतल्या बंद पिशवीत ओढून घेते. पिशवी साठ दिवसांनी बदलायची. तोवर केर नजरेला पडत नाही.

आमची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिने फोनवरून सगळे जुळवून दिले.

"काका, तुमच्या खोलीत ते साडेसातला येईल. तुम्ही चहाला बाहेर असता तेव्हा."

"माझ्या खोलीत कशाला? माझा केर मी बघतो."

"केर बघायचा नसतो काका, काढायचा असतो."

"बापावर गेलीस," दादा म्हणाला, आणि हरला.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. यंत्र दादाच्या टेबलाखाली वायरीत अडकायचे आणि बाईच्या आवाजात मदत मागायचे. दादा चहाचा कप न ठेवता म्हणायचा, "जा हिशेबनीस, तुझी बाई हाका मारतेय."

"मी तीस वर्षं हाका मारतेय," बायको म्हणाली, "एवढ्या लगबगीने कधी उठलेले पाहिले नाहीत."

वीस फेब्रुवारीला दादा बेसिनपाशी भिंतीला धरून उभा दिसला. डोळे मिटलेले. म्हणाला, काही नाही, फिरल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात तेच दोनदा झाले. रात्री तो छातीवर हात ठेवून बसू लागला. मी विचारले की म्हणायचा, "आत कुणीतरी चुकीचं टिकटिकतंय."

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या वेळेवर घेतात ना?"

त्याचे उत्तर माझ्याजवळ लेखी होते. दर रविवारी मी पात्याने गोळ्या अर्ध्या करून चौदा कप्प्यांच्या डबीत भरतो. सकाळ-रात्र कप्पा रिकामा झाला की वहीत खूण करतो. ती वही मी पुढे केली. डॉक्टरांनी पाने चाळली आणि म्हणाले, "असा भाऊ सगळ्यांना मिळो."

त्यांनी तपासण्या केल्या, पंधरा दिवस वाट पाहिली, पुन्हा वही पाहिली. औषध पूर्ण पोटात जाऊनही ठोके आवरत नाहीत, म्हणजे औषध लागू पडेनासे झाले, असे त्यांचे मत पडले. आता मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालायची आणि आतली बिघडलेली जागा जाळायची. या वयात धोका किती, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. शंभरात तिघे. तारीख ठरली, बुधवार ३ एप्रिल. नातेवाईक म्हणून मी सही केली.

शंभरात तीन हा आकडा कागदावर लहान दिसतो. मी जन्मभर याहून लहान टक्क्यांवर ऑफिसात वाद घातले, पण हा आकडा मला झोपू देईना. पहाटे उठून मी दादाच्या दाराशी कान लावून उभा राहायचो. घोरणे ऐकू आले की परतायचो, नाही आले की दार लोटायचो. "आहे अजून," तो अंधारातून म्हणायचा. सकाळी सव्वाआठला ते खोके घोंघावू लागले की आम्ही दोघे नवरा-बायको दादाच्या तोंडाकडे पाहायचो. त्या आवाजाने तो दचकायचा. कप बशीवर वाजायचा. बायकोने ते यंत्र बंदच ठेवू या म्हटले. मी म्हणालो, मग केर कोण काढणार, तो पुन्हा उकिडवा बसेल. जीव टांगणीला लागलेला असताना मला त्या यंत्राचाच काय तो आधार वाटत होता.

दादा बोलेनासा झाला होता. गिऱ्हाइकांची घड्याळे दुरुस्त न करता परत करू लागला. डोळे साथ देत नाहीत म्हणाला. बोटे मात्र सारखी चोळत बसायचा.

रविवार, ३१ मार्च. दुपारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ती पिशवी उघड."

"कुठली पिशवी?"

"तुझ्या बाईची. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या घड्याळाची चावी द्यायची गुंडी शुक्रवारी खाली पडली. टेबलावर नाही, जमिनीवर नाही."

"दादा, ती पिशवी उघडायची नसते. तशीच फेकायची असते. आणि परवा तुला दाखल व्हायचंय, तुला गुंडी कसली सुचते?"

"म्हणूनच सुचतेय. परत आलो नाही तर दुसऱ्याची वस्तू माझ्याकडे अडकलेली नको."

मी उठलो. गॅलरीत वर्तमानपत्र पसरले आणि कात्रीने पिशवी कापली. आतून राखाडी गादीसारखा घट्ट गोळा निघाला, केस, दोरे, धूळ, कागदाचे कपटे. दादा खुर्चीवर बसला, गुडघ्यांवर पांढरा कागद घेतला, भिंग लावले आणि मूठभर मूठभर केर घेऊन चिवडू लागला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या मानेला तो जुना बाक आला होता.

टाचणी निघाली. शर्टाचे बटण निघाले. मग एक पांढरा कण निघाला. त्याने तो बाजूला ठेवला. थोड्या वेळाने आणखी एक. मग दोन एकदम.

"भिंतीचा चुना असेल," मी म्हणालो.

त्याने कागद माझ्यापुढे धरला. मी एक कण उचलला. एक कड गोल होती, दुसरी सरळ. सरळ कड पात्याने कापलेली होती आणि ते पाते माझ्या हातात असते.

गुंडी शेवटी सापडली. तोपर्यंत कागदावर एकतीस अर्ध्या गोळ्या जमल्या होत्या. आठ आठवड्यांच्या एकशे बारा. त्यांतल्या एकतीस या केरात, आणि पुसण्याच्या पाण्यात किती विरघळल्या ते कळायला मार्ग नाही.

"तू घेत नव्हतास?"

"घेत होतो. निदान मला तसं वाटत होतं." त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि शेजारची दोन बोटे दाखवली. "यांना कळत नाही काही. दीड वर्ष झालं. गोळी चिमटीत आहे की नाही तेच समजत नाही. तोंडाशी हात नेतो, पाणी पितो, झालं. एवढीशी अर्धी, पाण्याबरोबर गेली की नाही हे जिभेला तरी काय कळणार? कधी पडायची खाली. सकाळी केरात सापडायची, मग पुसून घ्यायचो."

"आणि आता?"

"आता फरशी चकचकीत. रोज बघायचो मी, चहाहून आल्यावर. खाली काही नाही. म्हटलं, खाली नाही म्हणजे पोटात गेली. बोटं सुधारली असं वाटलं मला, चार दिवस."

"दादा, सांगायचंस ना."

"बोटं गेली म्हणून घड्याळजीने सांगायचं? मग टेबल कशाला ठेवायचं खोलीत?"

बायको दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती म्हणाली, "यांनी डबी रिकामी पाहिली, तुम्ही जमीन रिकामी पाहिली. तोंडात काय गेलं ते दोघांनीही नाही पाहिलं."

डॉक्टरांचा फोन रविवारी बंद होता. सात वेळा लावला. घोडे कुठे पेंड खात होते ते कळले होते आणि सांगायला माणूस मिळत नव्हता. सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास मी आणि दादा बाकावर बसलो होतो, एकतीस अर्ध्या गोळ्या पाकिटात घालून.

डॉक्टरांनी पाकीट टेबलावर रिकामे केले.

"तुम्ही मला वही दाखवली होती."

"हो."

"ती वही डबीची होती."

"हो," मी म्हणालो. गोदामातून माल बाहेर पडला म्हणजे विकला गेला असे धरणाऱ्या कारकुनाला मी एकदा सगळ्यांसमोर झापले होते. तो कारकून त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

बुधवारचे रद्द झाले. तीन आठवडे गोळी खरोखर पोटात जाऊ द्या, मग पाहू, असे ठरले. पण त्यातही मेख होती. सगळ्या गोळ्या लागू पडू लागल्या की नाडी फार उतरू शकते. पन्नासच्या खाली गेली तर वेळ न घालवता आणायचे. म्हणजे आधी ठोके फार म्हणून काळजी, आता कमी होतील म्हणून. मी सकाळ-संध्याकाळ दादाचे मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसायचो. एका संध्याकाळी बावन्न भरली. पुन्हा मोजली, एकावन्न. तो म्हणाला, "अरे, तू श्वास रोखून मोजतोस. तुझीच बंद पडेल." अर्ध्या तासाने अठ्ठावन्न झाली.

गोळी बायको चमच्यातून देऊ लागली. "आ करा," म्हणायची, आणि तोंड पाहिल्याशिवाय हलायची नाही.

"पाच वर्षांचा झालो मी."

"पाच वर्षांचं पोर ऐकतं तरी."

मुलीने दादाची खोली यंत्राच्या नकाशातून वगळली. फोनवर ती म्हणाली, "काका, साडेसातची वेळ मी टाकली होती." दादा म्हणाला, "तू वेळ टाकलीस, यंत्र बापाने आणलं, बोटं माझी. वाटून घेऊ."

सोमवार, २२ एप्रिलला पुन्हा तपासणी झाली. कागदाच्या पट्टीवर ठोके बऱ्यापैकी ओळीत आले होते. डॉक्टर म्हणाले, नळीची गरज आज नाही, पुढचे सांगता येत नाही, दर दोन महिन्यांनी यायचे. बोटांच्या नसांची वेगळी तपासणी केली. गेलेली जाण परत येईल असे कुणी म्हटले नाही. पहाटे दाराशी उभे राहण्याची माझी सवय अजून गेलेली नाही.

परत आल्यावर दादा स्वतः जिना चढून शिक्षिकाबाईंकडे गेला. मी मागोमाग गेलो, जिन्यावर चक्कर येईल या भीतीने. त्याने घड्याळ दिले आणि गुंडी कागदाच्या पुडीत वेगळी दिली.

"ही दुसऱ्याकडून बसवून घ्या," तो म्हणाला. "माझ्याच्याने होणार नाही. माझी बोटं गेलीत."

बाई काही तरी धीराचे बोलू लागल्या. दादा म्हणाला, "नाही, खरंच गेलीत," आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला.

यंत्राची पिशवी आम्ही कापल्यामुळे खोके बंद होते आणि दुकानात नवीन पिशव्या नव्हत्या. शिक्षिकाबाईंकडे तसलेच यंत्र आहे. त्यांनी आपल्याकडची एक दिली. तिचे चारशे दहा द्यायचे राहिले आहेत.