भातामास्तर

भातामास्तर पहिला महिनाभर शिकणाऱ्याला पेटीच्या पट्ट्यांना हात लावू देत नसत. मूल सहा वर्षांचे असो की सोळा, नियम एकच. मुलाने फक्त भाता हलवायचा. पट्ट्यांवर मास्तरांची बोटे फिरणार. एका पेटीवर दोन माणसे. पेटीच्या माथ्यावर ते जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक वाटी काठोकाठ पाण्याने भरून ठेवत आणि सांगत, "पानी हाललं न्हाय पायजे. पेटी म्हंजी जितं जनावर हाय. आदी तिला श्वास घ्यायला लाव, मग बोलायला." पाणी हलायचे थांबले की पट्ट्या मिळत. या पद्धतीवरूनच त्यांना हे नाव पडले होते. खरे नाव आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

ते इंदापूरचे. पेट्या दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. गुरुवारी बारामतीच्या बाजाराला येत, खेड्यापाड्यांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या तिथेच उघडून बसत आणि परतताना काटेवाडीला एस.टी.तून उतरत. आमच्याकडे तासभर शिकवून शेवटच्या गाडीने घर गाठत. अंगात करडा कोट, खिशात पेचकस आणि मऊ चामड्याचा तुकडा. छत्री बारा महिने काखेत. ती पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या मुठीने ते शिकणाऱ्याची वाकलेली पाठ हलकेच सरळ करत.

शिकवणी माझ्या बहिणीची, सुमनची. ती तेव्हा सहा वर्षांची होती, मी बारा. पन्नासचे दशक निम्मे सरले होते. वडिलांना गाव तात्या म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू. कालव्याखाली आमचा ऊस आणि भाजीपाला होता आणि गावच्या भजनाची पेटी आमच्या घरी असे. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिले जाई, एरवी ती देव्हाऱ्याशेजारी पाटावर. सुमन एकदा ऐकलेले भजन चुलीपुढे बसून जसेच्या तसे गुणगुणत असे. ते ऐकून तात्यांनी मास्तरांना बोलावले. मुलीला परक्या पुरुषापुढे एकटे बसवायचे नाही म्हणून मला, थोरल्या बहिणीला, शेजारी बसवले. मी ज्वारी निवडत बसे. जेवताना तात्या विचारत, "आज काय झालं?" आणि मी झालेले सारे क्रमाने सांगत असे. ते काम मला आवडे.

आईला भात्याचा प्रकार पटला नव्हता. "मास्तर, म्हैना होत आला. पोर नुसता भाता हालवतीया. लोहाराकडं बसवली आसती तर येखादी नाल तरी ठोकाया शिकली आसती."

"वैनी, लोहाराच्या भात्यावर पान्याची वाटी नसती," मास्तर म्हणाले. "तुमी येकदा हालवून बघा."

आईने पदर खोचून बैठक मारली. पहिल्याच दाबाला निम्मी वाटी पाटावर आली. सुमन हसत सुटली, आई उठून चहाला गेली. सुमनने भाता धरला तेव्हा मात्र वाटीत आढ्याच्या कौलांचे प्रतिबिंब दिसत होते आणि ते हलत नव्हते. मास्तर म्हणाले, "असं लेकरू मला पयल्यांदा गावलं."

चुकले हा शब्द ते वापरत नसत. भलतीच पट्टी दाबली गेली की म्हणत, "ह्यो बी सूरच हाय. पर दुसऱ्याचा पावना. आपला शेजारच्या घरात बसलाय, बोलव त्याला." मास्तर इंदापूरला गेल्यावर सुमन दारात आलेल्या कोंबड्यांनाही दुसऱ्याचा पाहुणा म्हणत असे.

अडचण पट्ट्या मिळाल्यावर आली. भाता डाव्या हाताने हलवायचा असतो, वाजवायचे उजव्याने. सुमन डावखुरी होती. महिनाभर भाता डाव्या हातात असल्याने ते मास्तरांच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. आमच्या घरी डाव्या हाताने घास उचलला की उलथन्याचा दांडा बसे. तो तिने पुष्कळदा खाल्ला होता. त्यामुळे डावा हात पट्ट्यांकडे गेला की ती स्वतःच तो परकराखाली दडवी. उजव्या हाताची बोटे लाकडासारखी पडत. मास्तरांनी दोन गुरुवार नुसते पाहिले. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी पेचकस काढला, कडी फिरवली आणि भाता उजव्या हाताने हलवता येईल असा केला. म्हणाले, "धाकटे, आता तुजा हात घाल."

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग हात घातला. त्या तासाभरात तिने चुलीपुढच्या भजनाची पहिली ओळ बसवली. वाटी जागेवर होती. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "थोरले, घरात इतक्यात बोलू नगंस. दिवाळीपातूर हात बसू दे. सगळं भजन वाजवून दावलं की मानसं हात बघत न्हाईत, आईकत्यात." जाण्यापूर्वी कडी त्यांनी पुन्हा पूर्वीसारखी केली.

दिवाळीला दोन महिने होते. मी तीन आठवडे गप्प राहिले. चौथ्या गुरुवारी तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारले आणि मी सांगितले. कडी, पेचकस, डावा हात, दिवाळी, सगळे. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. माझ्यासाठी कोणी मास्तर बोलावला नव्हता, हे त्यामागे होते का, याचा विचार मी नंतर केला आहे. होते.

पुढच्या गुरुवारी तात्या रानातून लवकर आले आणि पेटीसमोर उभे राहिले.

"मास्तर, ही पेटी पूजेची हाय. डावा हात हितं चालायचा न्हाय."

मास्तर शांतपणे म्हणाले, "तात्या, तुमच्या रानाला पानी कुठलं?"

"डाव्या कालव्याचं."

"त्यो डावा चालतो?"

"कालव्याला मी हळदकुंकू वाहत न्हाय, मास्तर. हिला वाहतो."

मास्तर थोडे हसले. उत्तर त्यांना आवडले असावे. "दिवाळीपातूर द्या तात्या. येक भजन आईका. मग तुमी म्हनाल तसं."

"उजव्यानं शिकवा, न्हायतर ऱ्हाऊ द्या. आन् हे मला पोरीकडनं कळावं?"

"थोरलीनं सांगितलं?"

"व्हय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. "बरं केलं. बापानं इचारल्यावर सांगायलाच पायजे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला ते लवकर विसरता आले असते.

तात्यांनी सुमनला तिथल्या तिथे उजव्या हाताने वाजवायला बसवले. मास्तरांनी सवयीने वाटी भरून ठेवली. सुमनने उजवी बोटे पट्ट्यांवर टेकली. ओळ निघेना. ती एकदा पट्ट्यांकडे पाही, एकदा डाव्या हाताकडे. भात्याला हिसका बसला, वाटी कलंडली आणि पाणी पट्ट्यांत गेले. सुमन रडली नाही. तिने दोन्ही हात परकराखाली घेतले.

मास्तरांनी कोटाच्या बाहीने पट्टी न् पट्टी टिपली. पेटी बंद केली, वाटी कोटाच्या खिशात घातली. "पान्यानं लाकूड फुगंल तात्या. दोन दिस उनात ठिवू नका, सावलीत वाळू द्या." पेटीविषयी ते एवढेच बोलले. उंबऱ्यावर थांबून सुमनला म्हणाले, "धाकटे, भाता झ्याक हाय तुजा." मग काखेत छत्री घेऊन थांब्याकडे गेले. शेवटच्या गाडीला अजून बराच वेळ होता.

ते पुन्हा आले नाहीत. पेटी काही वर्षे पाटावर राहिली. तिचा भाता उंदरांनी कुरतडला. तात्यांनी उतारवयात एकदा, कोणी न विचारता, "त्या दिवाळीपातूर थांबाया पायजे हुतं," असे म्हटले. सुमनपाशी ते हे कधी बोलले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी, वर्तमानपत्रात लागल्यावर, बातमीच्या कामासाठी इंदापूरला गेले असता मी मास्तरांचे घर शोधले. ते वारले होते. त्यांच्या पत्नी अंगणात बसल्या होत्या. गाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. "काटंवाडी? डाव्या हाताची धाकटी, ती तूच व्हय? लई नाव काढायचे तुजं. वाजवतीस का आजून?"

"मी थोरली," मी म्हणाले.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या, आणि चहाचे बघायला उठल्या.

सुमन लग्न होऊन कोऱ्हाळे बुद्रुकला गेली. पेटीला तिने पुन्हा हात लावला नाही. ती उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने लिहिते. मी तिच्याकडे जाते तेव्हा कधी देवळात भजन चालू असते आणि ती ओसरीवर बसून ऐकत असते. डावा हात पदराखाली असतो. उजवा मांडीवर असतो, आणि तो भात्यावर असल्यासारखा हळूहळू पुढे येतो, मागे जातो, एका लयीत, ओळ संपेपर्यंत. तिला त्याची कल्पना नसावी. मी अजून तिला ते सांगितलेले नाही.