निळ्या डोंगरापुढचे बूट

परवा सोमवारी, सकाळच्या शिफ्टला, चाकणच्या एका कंपनीने आपल्या म्हाताऱ्या वॉचमनला घरी बसवलं. कामगार संघटनेचं निवेदन द्यायला गेलेलो मी रिसेप्शनमध्येच होतो. मॅनेजर पाहुण्यांना भिंतीवरचं चित्र समजावत होता, "हे निळे त्रिकोणी डोंगर म्हणजे आपली प्रगती." तेवढ्यात वॉचमनने रोजच्या सवयीने बूट काढले आणि चित्राला हात जोडले.

"काका, देव आहे का तो?" मॅनेजर खेकसला.

"व्हय साहेब. आमच्या देवीचा डोंगर फोडून तुमी शेड बांधली. आता हात जोडायला ह्योच उरलाय."

पाहुणे हसले. ड्युटीवर बूट काढल्याबद्दल काकांचा गेटपास तिथेच जप्त झाला. काकांनी सावकाश नाड्या बांधल्या.

तुमच्याही ऑफिसात असा डोंगर टांगलेला असेल. उद्या सगळ्यांदेखत त्याच्यापुढे बूट काढा. बघू, किती जणांना घरी पाठवतात.