उडत्या सुभेदारांचे गुणदोष

आमच्या हिरोला आम्ही कधी एकेरी हाक मारली नाही. ते आकाशात उडायचे, तोंडाला बुरखा बांधायचे, एका हातानं तोफ उचलायचे, तरी होते सुभेदारच. आणि खासगी बाजार नावाच्या आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी घरात सुभेदाराला अरे-तुरे केलं तर थोबाडीत बसायची. तेव्हा सुभेदार आले, सुभेदार उडाले, सुभेदारांनी दरोडेखोराला उचलून आपटलं, सगळं कसं मानानं.

चित्रं मी काढायची. गोष्ट आणि आवाज मैत्रिणीचा. ती समोरच्या घरातली, हिंदी बोलणारी, माझ्याच वयाची, बारा वर्षांची. एका खोक्याला पुढून खिडकी कापली होती. आत आईची दोन लाटणी आणि त्यांच्यावर गुंडाळलेली कागदाची लांबलचक पट्टी, मागे कंदील. लाटणं फिरवलं की चित्र सरकायचं. दर रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून एक भाग. त्या दिवशी पोळ्या सकाळीच उरकाव्या लागत, म्हणून आई चडफडायची, आणि खेळाला पहिल्या रांगेत तीच बसायची.

कागद नानांचा. नाना म्हणजे माझे वडील. ते आणि मैत्रिणीचे बाबूजी एकाच सरकारी कचेरीत कारकून होते. आधी संस्थान विलीन झालं, मग मध्य भारत आला, आता तोही मोडून मोठं राज्य होणार आणि कचेऱ्या भोपाळला जाणार होत्या. राज्य बदललं की जुने छापील फॉर्म रद्दीत, आणि फॉर्मांची पाठ कोरी! आमची चांदीच झाली. भानगड एवढीच की कंदील लावला की मागची छपाई पुढे दिसायची. सुभेदारांच्या छातीवर कायम उलट्या अक्षरांत ‘प्रार्थी का नाम’ असायचं.

भोपाळला कोण जाणार त्याची यादी लागायची होती. निम्मे जातील, निम्मे राहतील, असं नाना म्हणायचे. एकीचेच वडील गेले तर सुभेदार संपले, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. माझ्या चित्रांना वाचा नव्हती आणि तिला साधं मांजर काढता यायचं नाही. म्हणून आमची घाई चालली होती. यादी लागायच्या आत पहिला हंगाम, आठही भाग, पुरा करायचा.

आठव्या भागाची गोष्ट तिनं शाळेच्या वाटेवर भराभर सांगितली. दरोडेखोर पळाले, सुभेदार गावात परतले आणि त्यांनी सगळ्या मुलांना शिक्षा दिली, मग आईबापांनी त्यांना हार घातले. आता मी पडले मराठी शाळेतली. आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षा! सुभेदार इतके कशाला तापले म्हणून नवल वाटलं खरं, पण म्हटलं, कार्टी असतील वांड. बसले रंगवत. सुभेदारांच्या हातात वेताची छडी दिली. पोरं रांगेत कान धरून उभी केली, एकाचा कोंबडा केला. तालीम करायला वेळच नव्हता.

रविवारी ती खोक्याच्या बाजूला बसून वहीतलं वाचत होती, चित्र तिला दिसत नव्हतं. मोठ्या गोड आवाजात म्हणाली, सुभेदार ने बच्चों को शिक्षा दी, बच्चे बहुत प्रसन्न हुए. तिच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, आणि इकडे पडद्यावर पोरं भोकाड पसरून रडताहेत. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी खोली. तिला वाटलं गोष्ट रंगली, तिनं आवाज आणखी चढवला. मी लाटणं फिरवलं, तर आईबाप छडीवाल्या सुभेदारांना हार घालताहेत! आईला पदर तोंडात कोंबूनही हसू आवरेना.

नानांना शेरा लिहिल्याशिवाय चहासुद्धा गोड लागायचा नाही. हंगाम संपला म्हणून त्यांनी कचेरीच्या थाटात गुणदोष लिहून काढले आणि सगळ्यांसमोर वाचले. गुण असे की घोडे घोड्यांसारखेच दिसतात, मिशा सर्व भागांत एकाच मापाच्या आहेत, आणि दरोडेखोराचा खोकला तर अप्रतिम. दोष असे की तोच दरोडेखोर तिसऱ्या भागात मरतो आणि पाचव्यात कारण न देता हजर होतो, गावकरी ऊठसूट रडतात. मुख्य दोष म्हणजे सुभेदार कधी थकत नाहीत, हरत नाहीत, चुकत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकास काळजी करण्यास वावच राहत नाही. आठव्या भागात मात्र ते प्रथमच चुकले, सबब तो भाग सर्वोत्तम.

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मैत्रीण खोक्यासमोर आली, तिनं चित्र पाहिलं, वही उचलली आणि घरी निघून गेली.

मला काहीच कळलं नाही. दोन दिवस मी आपली गल्लीभर कौतुक करून घेत हिंडले. शेवटी आईनंच कान उपटले. म्हणाली, आठ भाग तिनं रचले, नाव झालं ते तुझ्या बावळटपणाचं, आणि तू ते खुशाल गिळून बसलीस. मग डोकं ठिकाणावर आलं. धावत गेले तर तिची आई म्हणाली, डोकं दुखतंय तिचं. दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. आणि त्याच आठवड्यात यादी लागली. बाबूजींचं नाव होतं, नानांचं नव्हतं. मी ढसाढसा रडले, नाही कशाला म्हणू?

त्यांचं सामान टांग्यात चढत होतं तेव्हा मी पुन्हा गेले. वाटेत माफी घोकली होती, ती दारात विसरले. एवढंच म्हणाले की मला खरंच समजलं नव्हतं गं, गोष्ट तुझी चांगली होती.

तिनं हातातली वही टांग्यात ठेवली.

“भोपाल में सब मेरी बात ठीक-ठीक समझ लेंगे,” ती म्हणाली. “फिर हँसेगा कौन?”

आणि तिचा चेहरा रडवेला झाला. मी तिचा हात धरला. सुचलं ते बोलून टाकलं.

“मी पत्रं मराठीतच लिहीन. तू चुकत जा.”

ती डोळे पुसता पुसता फस्सकन हसली. बाबूजींनी हाक मारली तेव्हाही आम्ही दोघी टांग्याच्या चाकाशी उभ्या राहून हसतच होतो, आणि माझा हात तिनं अजून सोडला नव्हता.