हेन्रिकसाहेबांची बाहेरची खुर्ची

चहा देणाऱ्या माणसाकडे किस्से साठतच जातात. तो आला म्हणून कुणी बोलायचं थांबत नाही ना! मी रत्नागिरीचा, अबुधाबीत अठ्ठावीस वर्षं झाली. सध्या आखातातल्या जहाजांवर नजर ठेवणाऱ्या एका युरोपियन ऑफिसात आहे. सगळे मला चाचा म्हणतात.

*

सहा देशांचे सहा अधिकारी. पाच युरोपियन युनियनवाले, सहावे नॉर्वेचे हेन्रिकसाहेब. त्यांचा देश लढाईत दोस्त, पण युनियनमध्ये नाही. त्यामुळे गुप्त मीटिंग लागली की ते बाहेर खुर्चीवर, आणि मी ट्रे घेऊन आत!

"चाचा, तुझा पास माझ्यापेक्षा मोठा," ते हसून म्हणायचे.

*

घरी नातीला विचारलं, असं कसं गं?

"दादा, इट्स कॉम्प्लिकेटेड."

म्हटलं, कॉम्प्लिकेटेड कसलं? लग्नात राबायला बोलवायचं आणि घरची बोलणी निघाली की ओसरीवर बसवायचं. जावई आहे तो!

*

एकदा खरा सायरन वाजला. सगळे तळघराकडे धावलो. दारातला गार्ड सवयीने हेन्रिकसाहेबांना म्हणाला, "सर, पास?"

आमचे मुख्य, इटलीचे मार्कोसाहेब, कडाडले, "यल्ला, चल लवकर, सगळ्यांना आत घे! मिसाईल पास बघून पडत नाही!"

खाली मी हेन्रिकसाहेबांशेजारी बसलो. त्यांनी माझे हात धरून ठेवले. सायरन थांबला तरी सोडले नाहीत.

*

मग तो मंगळवार. सकाळी एका मालवाहू जहाजाचा संपर्क तुटला. त्यावर इंजिनरूममध्ये हेन्रिकसाहेबांचा मुलगा होता.

आत मीटिंग, दार बंद. साहेब बाहेर खुर्चीवर. तीनदा चहा दिला, तिन्ही कप गार झाले. आत काय चाललंय, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर नोकरी गेली तरी सांगितलं असतं. पण सांगण्यासारखं आत कुणाकडेच काही नव्हतं.

साडेअकराला आत फोन वाजला. मार्कोसाहेबांनी ऐकलं, कागदावर लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"चाचा, दार उघड. सताड उघड. फार उकडतंय."

मी उघडलं. ते उभे राहिले आणि परेडवर असल्यासारखे मोठ्याने वाचू लागले, "जहाजावर माणसं तेवीस. तेवीसही सुखरूप."

एसी सोळावर होता. मार्कोसाहेबांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती.