परबकाकांच्या साळुंक्या

परबकाकांचं पहिलं चित्र मी भांडायला गेले तेव्हा पाहिलं. अंधेरीच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि त्यांच्या बाथरूममधून आमच्या छतातून पाणी गळत होतं. मी तावातावाने वर गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं चित्र माझ्यासमोर धरलं. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेला खंड्या पक्षी फांदीवर वैतागून बसला होता.

"बघ, ह्यालापण वरच्या मजल्याचाच त्रास," ते म्हणाले. "चहा घेणार ना?"

आतल्या खोलीतून कोणीतरी खळखळून हसलं. त्या काकू. पक्षाघातानंतर त्यांचे पाय गेले होते आणि तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या जिन्याने, त्या फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरत, तेही खुर्चीत बसून.

काकांनी उभा जन्म सिनेमाच्या स्टुडिओत सेटचे पडदे रंगवण्यात घालवला होता. जंगल, धबधबा, काश्मीर, जे सांगतील ते. "सगळं खऱ्यासारखं पाहिजे म्हणायचे. खऱ्यासारखं काढून काढून मी कंटाळलो यार," असं ते कुणालाही, अगदी माझ्या सासूबाईंनाही, सांगत.

फाल्गुन लागला की दर रविवारी सकाळी ते बिल्डिंगमधल्या पाच-सहा जणांना गोळा करून आरेच्या झाडीत नेत. पळस, पांगारा, काटेसावर, जे फुललं असेल ते बघायला. तिथे ते कागद काढत नसत. हात मागे बांधून एकाच झाडाखाली इतका वेळ उभे राहत, की आमची मुलं "काका, चला ना" म्हणून भुणभुण लावत. "थांब रे, ओळख होऊ दे," ते म्हणत.

एकदा मी काकूंसाठी फुललेल्या पळसाचा फोटो काढून आणला. त्यांनी तो कौतुकाने पाहिला, फोन मला परत दिला आणि काकांकडे वळल्या. "तुम्ही काय बघितलंत?"

काका कागद घेऊन बसले. "पोपटांनी भज्यांची गाडी टाकलीय."

"कांदाभजी?"

"मिरची. फुलं लाल दिसतात ना."

"आणि गिऱ्हाईक कोण?"

काकू विचारत गेल्या आणि काका काढत गेले. खारीने उधारी मागितली, कावळ्याने चटणी सांडली. पलंगावर टेकून बसलेल्या काकूंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. ती चित्रं अशी का असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या थंडीत काकू गेल्या. झोपेतच गेल्या. काकांनी सगळं शांतपणे केलं, आल्यागेल्याशी बोलले. पण टेबलावरचे रंग वाळून गेले. फाल्गुन आला तरी त्यांचा निरोप आला नाही. शेवटी एका रविवारी मीच दार वाजवलं.

"काका, काटेसावर फुललीय. सगळे खाली थांबलेत."

ते दारातच उभे राहिले. एरवी माझ्याशी मुंबईचं मराठी बोलणारा माणूस त्या दिवशी घरचं मालवणी बोलला. "बघूक येयन गो. पण बघून आता कोणाक सांगू?"

मी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. ते आले.

आरेत पोचल्यावर ते नेहमीसारखे हात मागे बांधून झाडाखाली उभे राहिले. काटेसावरीवर साळुंक्यांचा नुसता गलका चालला होता. काका बघत होते, पण चेहरा कोरा. मला राहवलं नाही. "काका, कसली मीटिंग चाललीय यांची?"

"मीटिंग कसली," ते सवयीने म्हणाले. "टँकर आलाय. आधी कोण भरणार म्हणून..." ते तिथेच दगडावर बसले आणि रुमालात तोंड खुपसून रडले. स्मशानातही ते असे रडले नव्हते. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही. मुलंसुद्धा शहाण्यासारखी उभी राहिली.

संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. टेबल पुसलेलं होतं, वाटीत ताजं पाणी होतं आणि काकूंच्या पलंगाजवळची खुर्ची त्यांनी टेबलाशी ओढून ठेवली होती.

"बस," ते म्हणाले. "मी काढतो. तू विचारत राहा."

मला काही काकूंसारखं विचारता येत नव्हतं. तरी मी घसा खाकरला आणि म्हटलं, "टँकर कोणी बोलावला होता?"