एकदाच चालू होईल

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. माझी मुलगी फोनवर लोकांचे असे अनुभव वाचून दाखवते, तेव्हा मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, रिकामी माणसं आहेत, काहीही लिहितात. माझा भुताखेतांवर, चमत्कारांवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण माझ्या बाबतीत जे झालं ते लिहून ठेवते. पाठवायची हिंमत झाली तर पाठवीन... नाहीतर राहील वहीत.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. आमच्याकडची माणसं गलाईच्या कामासाठी देशभर जातात — सोनं-चांदी तेजाबात घालून, भट्टीवर गाळून शुद्ध करायची. आमचे हे अठरा वर्षं जयपुरात तेच करत होते. त्या धुरानं छाती गेली. इथल्या मोठ्या इस्पितळात एक मराठी डॉक्टर आहेत, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "परत भट्टीजवळ बसलात तर मी काही करू शकणार नाही." मग माझे दागिने मोडून जुनी पिकअप घेतली. पहाटे चाकसूच्या पुढच्या तीन गावांतून दुधाचे कॅन भरायचे आणि मालवीय नगरच्या डेअरीत पोचवायचे. तेवढंच एक बांधलेलं काम.

पौषातली थंडी होती. गाडी सकाळी कुरकुरायला लागली आणि एक दिवस उठलीच नाही, बॅटरी बसली. आमच्या गल्लीत वाळू आणि वर चढ. चार माणसांनी ढकलून पाहिलं, दमून सोडून दिलं. दूध दुसऱ्याच्या गाडीनं गेलं. डेअरीवाल्यानं फोनवर सांगितलं, "कल भी नहीं आए तो परसों से उसी की गाड़ी लगा दूँगा." दुपारी हे नुसतं म्हणाले, "जुन्या शेठला फोन लावतो. भट्टीवर जागा आहे म्हणत होता."

मी म्हटलं, "बॅटरी घेऊन मी जाते."

"तू? तुला भाजीवाल्याशी बोलायला येत नाही."

खरंच येत नाही. पण ह्यांना ताप होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. का ते पुढं कळेल. मी बॅटरी बसते त्या खाचेची लांबी-रुंदी लाल दोऱ्यानं मोजली, गाठी मारल्या, आणि ती जड बॅटरी ई-रिक्षात घालून निघाले.

पहिल्या दुकानदारानं दोऱ्याकडं पाहिलंच नाही. "सबसे बड़ी ले जाओ, ट्रैक्टर वाली. पावर ही पावर." मी घाबरून बाहेर आले. चार दुकानं सोडून बॅटरीच्या दुकानात एक म्हातारे बसलेले होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी माझा दोरा हातात घेतला, गाठी मोजल्या आणि हसले. "आज तक किसी मर्द ने नाप लाकर नहीं दिया, बाईसा."

मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. मोठी बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी नव्हे. ती खाचेत बसणार नाही, आणि गाडीचं चार्जिंग तिला पुरणार नाही, कायम अर्धपोटी राहील. डिझेल गाडीला थंडीत पहिल्या झटक्याचा जोर लागतो, तो आकडा बघायचा. प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते बघायचं, नाहीतर वायर पोचत नाही. एवढं नीट मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नव्हतं.

नंतर त्यांनी आमच्या बॅटरीचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"आपके मालिक गलाई का काम करते थे?"

मी चकितच झाले. यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. आमच्या ह्यांनी जुन्या सवयीनं, तेजाबाचं मला काय सांगता असं म्हणत, भट्टीवरचं उरलेलं तेजाब ओतलं होतं! हीच ती लाज. ते आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. उस्तादांनी मीटर लावला. बाराच्या जागी तीन व्होल्टसुद्धा नाही. "मर गई," ते म्हणाले. हवी ती नवी बॅटरी गोदामातून उद्या दहा वाजता येणार होती. पैसे हप्त्यानं द्यायला कबूल झाले.

जुनी बॅटरी घेऊन मी रिक्षात बसले. तेवढ्यात उस्ताद बाहेर आले, जुन्या बॅटरीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सुबह एक बार उठेगी. बस एक बार. रास्ते में बंद मत करना, सीधे मेरे पास लाना."

घरी येऊन सांगितलं तर हे हसले. "अगं, मीटर काय खोटं बोलतोय व्हय?"

"वासावरून भट्टी ओळखली त्या माणसानं. तुम्ही बॅटरी बसवा."

"आणि नाही उठली तर?"

"तर लावा शेठला फोन. मी अडवणार नाही."

पहाटे साडेचारला बॅटरी बसवली. ह्यांनी चावी फिरवली... आणि गाडी उठली. अडखळली नाही, कुरकुरली नाही — नव्या गाडीसारखी एका झटक्यात. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी सोबतच गेले. हे कॅन चढवायला उतरायचे तेव्हा मी चावीवर हात ठेवून बसायचे. तीन गावं झाली, इंजिन चालूच. डेअरीत पोचलो तर मालक ओरडला, "बंद तो कर दो भाई, धुआँ मेरे दूध में जाएगा!" आणि खिडकीतून हात आत घालून चावीच धरायला लागला. मी परक्या माणसाकडं मान वर करून बघत नाही. त्या दिवशी मी त्याचा हात बाजूला सारला आणि म्हटलं, "हात मत लगाना."

तो ह्यांना म्हणाला, "तुम्हारी मैडम तो थानेदार है."

हे म्हणाले, "आज सुबह से ही हुई है."

दहाला उस्तादांच्या दारात गाडी बंद केली. परत चावी फिरवून पाहिली... टक् असा आवाजसुद्धा नाही.

उस्ताद बाहेर आले. "किसकी बैटरी लगाकर लाए?"

"यही. आपने बोला था वैसे. एक बार उठी," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मैंने? मैंने तो कहा था पुरानी यहीं छोड़ जाओ, पैसे कट जाएँगे. आप लेकर चली गईं. मैं तो गद्दी से उठा ही नहीं." त्यांनी बॅटरी उलटी केली, कापून उघडली. आत प्लेटा नव्हत्याच. नुसता काळा चिखल. "इससे तो टॉर्च का बल्ब न जले, बाईसा."

पण मी ऐकलं होतं. तोच आवाज, त्याच काळ्या बोटांचा हात बॅटरीवर. हे म्हणतात, मला धीर द्यायला तूच रचलंस. रचलं असतं तरी गाडी कशी उठली? डॉक्टरसाहेबांना विचारलं, ते म्हणाले हा माझा विषय नाही. मला आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही. एवढंच कळतं की त्या माणसाच्या हातात काहीतरी आहे, आणि ते त्यालाही ठाऊक नाही.

नवी बॅटरी दोऱ्याच्या गाठींवर बरोब्बर बसली. शेठला फोन गेला नाही. मी दर शनिवारी हप्ता द्यायला जायचे. उस्ताद पैसे घ्यायच्या आधी दर वेळी विचारायचे, "फिर से बताओ, मैंने क्या कहा था?" मी सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे.

ती कापलेली बॅटरी त्यांनी भंगारात घातली नाही. गल्ल्याशेजारी फळीवर ठेवली आहे.

गेल्या शनिवारी मी शेवटचे पाचशे ठेवले. त्यांनी हिशेबाच्या वहीत आमच्या पानावर आडवी रेघ मारली. या वेळी काही विचारलं नाही. मीच उठता उठता म्हटलं, "एक बार उठेगी, बस एक बार."

उस्तादांनी मान हलवली आणि वही मिटली. सगळे पैसे फिटले.